आकडा तोच, ऑइल वेगळं

मामंजींनी पाना हातात घेतला, ही त्या घरातली दीड वर्षातली सगळ्यात मोठी बातमी होती. सूनबाईने ती त्याच सकाळी फोनवरून नवऱ्याला कळवली. नवरा जहाजावर आचारी. वर्षातले आठ महिने पाण्यावर. "बाबांनी? पाना? स्वतःहून?" असं त्यानं तीनदा विचारलं, मग पलीकडून काहीतरी करपल्याची आरडाओरड ऐकू आली आणि फोन बंद झाला.

मामंजी म्हणजे बस डेपोच्या वर्कशॉपचे चाळीस वर्षांचे हेडमिस्त्री. फाटकातून बस आत शिरली की हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरची कुरकुर आहे," आणि उघडून बघावं तर कुरकुर तिसऱ्याचीच निघायची. निवृत्त झाले तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पंप आणि पंखे त्यांच्या हाताखालून जात होते. पण दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या आणि त्यांनी अवजारांची पेटी पलंगाखाली ढकलली, ती ढकललीच. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, अंधारलं की उठायचं. ताट पुढे आलं तर जेवायचं. घराबाहेर म्हणून पाऊल टाकायचं नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शरीर ठणठणीत आहे. सूनबाईला ते ऐकून बरं वाटायच्या ऐवजी रडूच आलं.

तिचं या माणसावर नुसतं प्रेम नव्हतं, ती त्यांचे उपकार मानत होती. नवरा जहाजावर गेला तेव्हा त्याची मोटारसायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. तिनं ती मैदानावर नेली, दोनदा गुडघे फोडून घेत चालवायला शिकून घेतलं आणि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम धरलं. गावातल्या तीन दवाखान्यांतून नमुन्यांच्या नळ्या थंड पेटीत घ्यायच्या आणि टेकडीवरच्या मोठ्या प्रयोगशाळेत वेळेत पोचवायच्या. चुलत सासूबाई मुद्दाम घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाईनं असं धडधडत गावभर फिरायचं? लोक काय म्हणतील?" मामंजी आठवडाभर कोणाशी बोलले नव्हते. त्या दिवशी खुर्चीतूनच बोलले, "इंजिनाला कळत नाही वर कोण बसलंय. लोकांना कशाला कळायला हवं?" आणि पुन्हा खिडकीकडे वळले. चुलत सासूबाईंनी उरलेलं पाणीसुद्धा घेतलं नाही. ते एक वाक्य सूनबाईने जपून ठेवलं होतं.

तर एका संध्याकाळी ती गाडी लावून वर आली, तो मामंजी म्हणाले, "सुकलंय."

"काय सुकलंय, मामंजी?"

"ऑइल. आवाज कोरडा झालाय. कधी बदललं होतंस?"

सूनबाईने जीभ चावली. ऑइल संपलं की घालायचं असतं, अशी तिची आपली स्वयंपाकघरातली समजूत होती. तिनं ती भीत भीत सांगितली.

"संपायची वाट बघतेस? आधी इंजिन संपेल," मामंजी म्हणाले, आणि खुर्चीत सरळ झाले. "गाडीचं पुस्तक आण."

तिनं कपाटातून पुस्तक शोधून आणलं. मामंजींनी नेमकं पान काढलं, बोट फिरवलं, 'दहा डब्ल्यू तीस' हा आकडा मोठ्यानं वाचला आणि पुस्तक मिटलं. त्या आकड्याच्या खाली आणखी एक ओळ होती. ती त्यांनी वाचली नाही. चाळीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला पुस्तकातला आकडा पुरतो; बाकीचं नवशिक्यांसाठी लिहिलेलं असतं, असं त्यांचं मत. तिला मात्र त्यांनी त्या आकड्याचा अर्थ समजावून सांगितला: पहिला आकडा गार इंजिनाचा, दुसरा तापलेल्याचा. सकाळी ऑइल पातळ हवं, म्हणजे पटकन वरपर्यंत चढतं. तापल्यावर त्यानं अंगात दम धरायला हवा. दीड वर्षात ते सलग इतके शब्द बोलले नव्हते. सूनबाई भाजी चिरायची सोडून ऐकत राहिली.

मग त्यांनी डेपोतल्या जुन्या स्टोअरकीपरला फोन लावला. दोन म्हाताऱ्यांनी पाऊण तास ऑइल या विषयावर काथ्याकूट केला. शेवटी स्टोअरकीपरनं स्वतः येऊन चार लिटरचा डबा दिला. नव्या मोटारींसाठी निघालेलं, अतिशय गुळगुळीत, 'घर्षण म्हणून नावालाही उरत नाही' असं. मामंजींनी डब्यावरचा आकडा पुस्तकाशी ताडून बघितला. आकडा तोच होता.

रविवारी सकाळी पलंगाखालची पेटी बाहेर आली. सूनबाईला वाटलं होतं, बोल्ट काढायचा, जुनं सांडायचं, नवं ओतायचं, झालं. मामंजींनी तिला आधी पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायला लावली. "गार ऑइल आळशी असतं, घाण तळाशी टाकून एकटंच बाहेर येतं. कोमट झालं की सगळं बरोबर घेऊन येतं." मग गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली, खाली पत्र्याचा ट्रे सरकवला आणि तळाच्या बोल्टला पाना लावला. हात थरथरत होते. पाना बोल्टवर बसला आणि थरथर थांबली. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि टॉर्चचा झोत बोल्टवर धरला.

काळं ऑइल धारेनं खाली आलं. मामंजींनी दोन बोटांत चोळून बघितलं, नाकाशी नेलं. "बिचारी," असं गाडीला म्हणाले. शेवटचा थेंब पडेपर्यंत हलले नाहीत. बोल्टचा जुना वायसर फेकून नवा तांब्याचा घातला, बोल्ट आधी हातानं फिरवला आणि शेवटची ताकद पान्यानं दिली. "इथं जोर दाखवणारे आटे खातात," म्हणाले. नरसाळ्यातून नवं ऑइल गेलं, मधाच्या रंगाचं. दोन मिनिटं इंजिन चालवलं, बंद केलं, थोडं थांबले, मोजायची पट्टी पुसून आत घातली आणि बाहेर काढली. वरच्या खुणेला बरोबर टेकलं होतं. मामंजींनी फडक्याला हात पुसले आणि त्या सकाळी दोनदा चहा मागितला.

सोमवारी गाडी अशी चालली, की तिला आपण चालवतोय की गाडी आपल्याला खेळवतेय, तेच कळेना. संध्याकाळी मामंजी दारात उभे होते. खुर्चीत नाही, दारात. "कशी आहे?" "लोणी आहे, मामंजी, लोणी!" ते हसले. मंगळवारी त्यांनी स्वतःहून दाढी केली. आता हा माणूस उठला, असं म्हणत तिनं मनातल्या मनात दहा जणांचे आभार मानले. त्यात स्टोअरकीपरही होता.

बुधवारी टेकडीचा चढ लागला आणि गाडीनं अवसान गाळलं.

सूनबाईने मूठ पिळली. इंजिन किंचाळलं, गाडी मात्र जागची हलायला तयार नाही. गियर बदलला, तरी तेच. आवाज आभाळात आणि चाक जमिनीला चिकटलेलं. मागे पेटीत बेचाळीस नळ्या आणि हातात अर्धा तास. ती उतरली आणि गाडी ढकलायला लागली. शंभर पावलांत तिच्या नाकी नऊ आले. चढाच्या पायथ्याशी एक गॅरेज होतं, तिथवर गाडी उलटी उतरवून आणली.

गॅरेजवाला चाळिशीचा, कपाळावर चष्मा ढकललेला; त्याला सगळे चष्मेवालाच म्हणत. त्यानं गाडीकडे नाही, आधी पेटीकडे बघितलं. "रक्त आहे?"

"हो. वर वेळेत जायला हवं."

"मग आधी रक्त, मग गाडी." त्यानं पेटी आपल्या स्कूटरवर बांधली, हातातलं काम तसंच टाकलं आणि तिला मागे बसवून वर पोचवलं. चार मिनिटं उरली होती. ओळख ना पाळख, असा माणूस. सूनबाईला त्याचे आभार कसे मानावेत सुचेना, आणि त्यानं ती संधीही दिली नाही. कारण खाली आल्यावर त्यानं पट्टी काढून ऑइल बोटावर घेतलं आणि त्याचा पारा चढला.

"हे कुणी घातलं?"

त्या एका क्षणात सूनबाईच्या डोळ्यांपुढे दारात उभे असलेले मामंजी आले. दाढी केलेले. हे त्यांच्या कानावर गेलं तर पेटी पुन्हा पलंगाखाली जाईल आणि या वेळी ती बाहेर निघणार नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

"मी," ती म्हणाली.

"तुम्ही? अहो, हे मोटारीचं ऑइल! मोटारीचा क्लच कोरडा असतो, इंजिनापासून वेगळा. हिचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरायचं, तेव्हा चाक फिरतं. तुम्ही त्यांना असलं गुळगुळीत पाजलंत, की एक दुसरीला धरायलाच तयार नाही! पुस्तकात लिहिलेलं असतं, आकड्याच्या खाली, ढळढळीत. वाचायला काय होतं? अर्धवट माहितीवर गाडीत हात घालायचा, आणि मग रस्त्यात ट्रकपुढे बंद पडली म्हणजे? जीव काय भाड्यानं आणलाय?"

सूनबाई खाली मान घालून ऐकत होती. बोलता बोलता तो तळाचा बोल्ट सैल करायला वाकला आणि मध्येच थांबला. "गंमत आहे," तो म्हणाला. "वायसर नवा. बोल्ट असा बसवलाय, की आमच्याकडेही दहात एखाद्याला जमतो. हात असा आणि ऑइल असं! कमाल आहे बाई तुमची."

त्यानं क्लचचं झाकण उघडलं, प्लेटा काढून धुतल्या, पुसल्या, योग्य ऑइल घातलं. दुपारच्या फेरीला गाडी टेकडी चढली.

घरी मामंजींनी विचारलं, "कशी आहे?"

"मस्त," सूनबाई म्हणाली आणि घाईघाईनं स्वयंपाकघरात गेली.

गुरुवारी मामंजी दारात नव्हते. खुर्चीत होते. शुक्रवारीही. ताट अर्धं टाकून उठले. सूनबाईला कळेना, तिनं तर ब्रसुद्धा काढला नव्हता. शनिवारी संध्याकाळी मात्र ते एकदम म्हणाले, "उद्या खालच्या मजल्यावरचा पोस्टमन गाडी घेऊन येतोय. त्याचंही ऑइल बदलून देतो. डब्यात तीन लिटर उरलंय."

सूनबाईच्या हातातलं भांडं ओट्यावर आदळलं. पोस्टमनची गाडी, त्याला दोन मुलं, आणि टेकडीवरचे ट्रक. आता तोंडात मूग गिळून बसणं म्हणजे पाप होतं. ती बाहेर आली, त्यांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: चढ, किंचाळणारं इंजिन, चष्मेवाला, ऑइलमध्ये बुडालेला क्लच. सांगताना ती त्यांच्या पायांकडे बघत होती.



"मला परवाच कळलं होतं," मामंजी म्हणाले. "तू आंघोळीला गेलीस तेव्हा खाली जाऊन पट्टी काढली. बोटावर घेतलं. माझं ऑइल नव्हतं ते. म्हटलं, हिनं दुसरीकडून करून घेतलं. माझ्या हातचं काम आता हिला नको झालं. म्हातारा थरथरतो, कुठे बोल्ट ढिला ठेवील, अशी भीती वाटली असेल."

"मामंजी!"

"पोस्टमन बिस्टमन कुणी येत नाहीये. म्हटलं, त्याच्या जिवासाठी तरी बोलेल." मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. शाळेतल्या मुलानं निकाल विचारावा तसं विचारलं, "म्हणजे ऑइल चुकलं? हात नाही चुकले?"

"हातांचं तर त्यानं कौतुक केलं!" सूनबाई रडत रडत म्हणाली. "दहात एखाद्याला जमतो असा बोल्ट आहे, म्हणाला. तीन दिवस मला तेच सांगायचं होतं हो तुम्हाला, आणि तेच सांगता येत नव्हतं. तुम्ही परत पेटी आत टाकाल म्हणून."

"म्हणून माझ्या चुकीवर पांघरूण घातलंस." मामंजींनी पुस्तक मागितलं. चष्मा पुसून ती खालची ओळ वाचली. दुचाकीच्या ओल्या क्लचसाठीचंच ऑइल वापरावं, असं लिहून पुढे दोन अक्षरांची खूण दिली होती. ती त्यांनी दोनदा वाचली. "चाळीस वर्षं बसचा क्लच. कोरडा ठणठणीत. ऑइलचा थेंब लागला तर मी माणसं फैलावर घ्यायचो. मला काय माहीत, हा पठ्ठ्या त्यातच डुंबत बसतो." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तो काय काय बोलला तुला?"

"जाऊ द्या ना."

"काय काय बोलला?"

तिनं सांगितलं. अर्धवट माहिती, भाड्याचा जीव, सगळं. मामंजी मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "सोमवारी मला तिकडे ने."

मामंजींचा स्वभाव, मोडेन पण वाकणार नाही असा. डेपोत त्यांनी साहेबालाही बोल लावू दिला नव्हता. आता भर गॅरेजात त्या भल्या माणसाशी वाजणार, या धास्तीनं तिचा रविवार गेला.

सोमवारी नमुन्यांची पेटी घ्यायला जायच्या आधी तिनं त्यांना मागे बसवलं. मोटारसायकलवर मागे बसायची मामंजींची ही पहिलीच वेळ. पहिल्या वळणावर त्यांनी तिच्या खांद्याला इतकं घट्ट धरलं, की तिला आपल्या क्लचच्या प्लेटा आठवल्या. दुसऱ्या वळणानंतर पकड सैल झाली. "हं," ते कानाशी म्हणाले, "बरी पळते."

चष्मेवाला एका गाडीपुढे उकिडवा बसला होता. मामंजी उतरले, पँट झटकली आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बुधवारी हिच्या गाडीत जे ऑइल होतं, ते मी घातलं होतं. हिनं नाही."

चष्मेवाल्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. एकदा सूनबाईकडे, एकदा म्हाताऱ्याच्या हातांकडे बघितलं, आणि त्या बोल्टचं कोडं त्याला उलगडलं. "असं होय," तो म्हणाला.

"तुम्ही जे बोललात, ते माझ्या वाट्याचं होतं. ते न्यायला आलोय."

"अहो काका, जाऊ द्या. होतं असं. तुम्ही वडीलधारे—"

"तसं नको. हिला बोललात तसंच बोला. पूर्ण." मामंजी म्हणाले. "चाळीस वर्षं मी माणसांना बोललो. मला बोलणारी घरात एकच होती. ती गेल्यापासून माझं चुकलं तरी सांगायला कुणी नाही. सगळे मला जपतात."

चष्मेवाला उठून उभा राहिला. एक क्षण सूनबाईला वाटलं, याचेच डोळे भरून येणार. पण तो पक्का मिस्त्री होता. त्यानं हात कमरेवर ठेवले आणि सुरुवात केली. मोटारीचं ऑइल, बुडालेला क्लच, आकड्याखालची ओळ, वाचायला काय होतं, ट्रक, भाड्याचा जीव. एक शब्द कमी केला नाही, उलट शेवटी एक वाढवला, "आणि तेही एवढे बोल्ट कसता येणाऱ्या माणसानं!" रस्त्यावरचे दोघंतिघं थांबून बघायला लागले. मामंजी मान खाली घालून, हात पाठीशी बांधून ऐकत होते. सूनबाईने एकदा पुढे पाऊल टाकलं आणि मागे घेतलं, कारण खाली घातलेल्या त्या चेहऱ्यावर तिला हसू दिसलं.

बोलणं संपलं. मामंजींनी मान वर केली, डोळे पुसले. "आभारी आहे," म्हणाले. मग चष्मेवाल्याच्या मागे वाकून बघायला लागले. "त्या गाडीचा क्लच उघडा आहे का हो?"

"उघडाच आहे. बघताय?"

मामंजींनी बाह्या दुमडल्या. ऑइलनं निथळणारी एक प्लेट दोन्ही हातांत घेतली, उजेडात धरली, अंगठा फिरवला. "आणि एवढी ओली असून धरते?"

"धरते. बसा, दाखवतो."

मामंजी खाली बसले. गुडघे कडकडले, त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. सूनबाई गाडीपाशी उभीच होती. हा रस्त्यात भेटलेला माणूस; यानं त्या दिवशी रक्त पोचवलं, गाडी दुरुस्त केली, आणि आज मागितलं ते जसंच्या तसं दिलं, पदरचं मोठेपण न मिसळता. त्याच्या पाया पडावं असं तिला वाटलं. पण तो प्लेटांची चळत मांडण्यात गुंतला होता आणि मामंजी त्याला प्रश्नावर प्रश्न विचारत होते.

"मामंजी, मला पेटी घ्यायला जायचंय. तुम्हाला आधी घरी सोडू?"

त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"तू जा कामाला," ते म्हणाले. "मला संध्याकाळी न्यायला ये."